क्लोरीनचं पाणी आणि दोन हजार लिटरचा टँक: पुण्यातलं एक प्रकरण

गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबाने येणार, हे पुण्यातल्या घराघरांत पाठ असतं. त्या दिवशी टाक्या तशाही तळाला जातात, म्हणून बऱ्याच सोसायट्या टाकी धुण्याचं कामही तेव्हाच उरकून घेतात. हे प्रकरण मे महिन्यातल्या अशाच एका गुरुवार-शुक्रवारचं आहे. टँक मोठा, मासे ठणठणीत, फिल्टर चोख आणि मालक कित्येक वर्षांचे जाणते हौशी. तरीही अर्ध्या तासात सगळं हातचं जायची वेळ आली. मोठ्या टँकांची देखभाल हे माझं काम असल्यामुळे त्या संध्याकाळी मला फोन आला आणि टँक सावरेपर्यंत मी त्यात होतो. मालकांना इथे काका म्हणतो.

टँक १० फूट लांब, ३ फूट रुंद, अडीच फूट उंच. खालच्या संपसकट, म्हणजे फिल्टरच्या टाकीसकट, प्रत्यक्ष पाणी सुमारे २००० लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन दोन टन, त्यावर काच आणि लोखंडी स्टँड. राहत्या खोलीच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून घरं बांधतात आणि हा टँक त्याच्या चौपटीच्याही पुढे जातो. म्हणून काकांनी मुद्दाम तळमजल्याचा, खाली पार्किंग नसलेला फ्लॅट घेतला होता. टँकमध्ये अडीच फुटी सिल्व्हर अरवाना, दोन मोटोरो स्टिंगरे (चकतीसारखे चपटे, नदीतले मासे), ऑस्करची जोडी आणि सिल्व्हर डॉलरचा थवा. खाणं भरपूर, त्यामुळे घाणही भरपूर. दर आठवड्याला ८०० लिटर, म्हणजे ४० टक्के पाणी बदलायचं, हा शिरस्ता होता आणि एवढ्या माशांना तो योग्यच होता.

पद्धत अशी होती: पाइप लावून जुनं पाणी बाहेर काढायचं, ६ ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, मगभर पाण्यात विरघळवून संपमध्ये ओतायचे आणि नळाचा पाइप सरळ संपच्या पहिल्या कप्प्यात सोडायचा. संपचा पंप चालूच असल्यामुळे पाणी आपोआप वर चढतं. घरात पाइप लोळत नाहीत, फरशी ओली होत नाही. पुण्या-मुंबईतले बरेच मोठे टँक असेच भरले जातात.

६ ग्रॅमचा हिशेब चुकीचा नव्हता. व्यवहारात एक ग्रॅम क्लोरीन मारायला सात ग्रॅम हायपो धरतात. म्हणजे ६ ग्रॅममध्ये ०.८६ ग्रॅम क्लोरीन जातो आणि ८०० लिटरवर तो पसरला तर लिटरला एक मिलिग्रॅमच्या थोडं वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, उरलेला मुक्त क्लोरीन किमान ०.२ आणि जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम धरला आहे. नळाला मानकाप्रमाणे पाणी येतंय तोवर काकांचा डोस पुरेसा होता आणि तो वर्षानुवर्षं पुरला.

त्या गुरुवारी सोसायटीने माणूस लावून वरची टाकी धुतली. धुऊन झाल्यावर त्याने त्यात पाव किलो टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली आणि रात्रीतून टाकी भरली. टाकी २५,००० लिटरची. टीसीएलमध्ये कामाचा क्लोरीन साधारण ३० टक्के, म्हणजे ७५ ग्रॅम. लिटरला तीन मिलिग्रॅम. त्या माणसाने आपलं काम नीट केलं होतं. याच टाकीचं पाणी खाली माशांच्या टँकमध्येही जातं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी काकांनी पाणी काढलं. ८०० पैकी २०० लिटर काकूंनी निळ्या ड्रममध्ये भरून घेतलं, कारण पाण्याचा भरवसा नव्हता आणि कुंड्यांना टँकचं पाणी मानवतं. उरलेलं बागेत गेलं. मग नळ सुरू झाला. अर्ध्या तासात साधारण ५०० लिटर आत गेलं असेल, तेवढ्यात सिल्व्हर डॉलर पृष्ठभागाशी येऊन तोंडं मारायला लागले. अरवाना झाकणाला धडकली. एक स्टिंगरे काचेवर उभा चढून कडा फडफडवत राहिला. काकांनी आधी फोन लावला, आणि ते फार बरं झालं. कारण त्यांचा पहिला विचार होता की पाणी खराब लागलंय, तर पटकन अजून बदलून टाकू.

मोठ्या टँकमधला सगळ्यात घातक विचार हाच. दोन फुटी टँक बिघडला तर बादलीत मासे काढता येतात, शेजारून दोन बादल्या पाणी आणता येतं. इथे बदलायला पाणी येणार कुठून? त्याच नळातून. पाणी जास्त म्हणजे बिघाड हळू होतो, हे मोठ्या टँकचं खरं भूषण आहे. अमोनिया हळू चढतो, तापमान हळू उतरतं. पण बिघाड पाणी बदलताना नळातूनच आत आला, तर तेच आकारमान अंगावर येतं. दोन हजार लिटर तुम्ही ओतून देऊ शकत नाही आणि अडीच फुटी मासा हातात घेऊन उभंही राहू शकत नाही.

फोनवर एवढंच सांगितलं: नळ बंद करा. संपचा पंप चालू ठेवा. घरात असतील तेवढे एअरपंप लावा. टँकचं झाकण दाबून ठेवा, अरवाना उडी मारेल. आणि मी पोचेपर्यंत टँकमध्ये दुसरं काहीही टाकू नका.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं तपासणीत घालवली. काकांना ती फार लांब वाटली. “अहो, मासे मरतायत आणि तुम्ही बाटल्या काय काढताय?” त्यांची तगमग समजण्यासारखी होती. पण क्लोरीन आहे की प्राणवायूची कमतरता आहे, की पीएच उडालाय, हे कळल्याशिवाय औषध टाकणं म्हणजे अंधारात हात घालणं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाचं पाणी तपासायला वापरतो तोच क्लोरोस्कोप माझ्याकडे असतो. नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. नळाच्या पाण्याने गडद पिवळा, जवळजवळ केशरी रंग दिला. टँकच्या पाण्याने फिकट पिवळा. पीएच ७.४, तापमान ३० अंश. एवढ्यावर निदान झालं. (ओटीचं तपासलेलं पाणी परत टँकमध्ये कधीही टाकू नये, ते रसायन विषारी आहे. हातालाही लागू देऊ नये.)

कागदावर मांडलं तर असं होतं. ५०० लिटरमधून दीड ग्रॅम क्लोरीन आत आला. ६ ग्रॅम हायपोने ०.८६ ग्रॅम मारला. उरला सुमारे ०.६४ ग्रॅम, तो १७०० लिटरमध्ये: लिटरला ०.४ मिलिग्रॅमच्या आतबाहेर. थोडा संपमधल्या गाळाने खाल्ला असणार. आता हे पाणी मानकाच्या दृष्टीने माणसाला पिण्याजोगं आहे, ०.२ आणि १ च्या मध्ये बसतं. पण अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी थोड्या वेळापुरती जी मर्यादा घातली आहे ती ०.०१९ मिलिग्रॅम. म्हणजे आमचा टँक त्या मर्यादेच्या वीसपट होता. क्लोरीन पोटातून नाही, कल्ल्यांच्या पातळ त्वचेवरून मारतो. मासा ते पाणी पीत नसतो, त्यातून श्वास घेत असतो.

हायपोचा हिशेब साडेचार ग्रॅमचा निघत होता. १२ ग्रॅम घेतला. थायोसल्फेट थोडं जास्त झाल्याने मासा मरत नाही, कमी पडल्याने मरतो. तो पूर्ण विरघळवून संपमधल्या पंपाच्या कप्प्यात दोन हप्त्यांत ओतला, म्हणजे पंपच तो टँकभर पसरवेल. काही मिनिटांत टँकच्या पाण्याने ओटीला रंग देणं थांबवलं. इथे बरेच जण हुश्श करतात. पण डोळ्याला पिवळा दिसायलाच साधारण ०.१ मिलिग्रॅम लागतो आणि माशाला त्याच्या पाचव्या हिश्शातही इजा होते. रंग नाही याचा अर्थ क्लोरीन नाही, असा होत नाही. म्हणूनच जास्तीचा हायपो.

शिवाय उष्म्याची भर होतीच. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला ८.३ मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू मावतो, ३० अंशांत ७.६. भाजलेल्या कल्ल्यांना त्यातलाही सगळा घेता येत नाही. संपमधून वर येणाऱ्या पाइपचं तोंड पाण्याच्या वर उचललं, धार पृष्ठभागावर आपटू दिली. महागड्या पंपांपेक्षा या एका गोष्टीने टँकमधला हवापालट जास्त वाढला.

स्टिंगरे मात्र सावरत नव्हते. त्यांच्या चकतीच्या कडा वर वळायला लागल्या होत्या आणि ज्यांनी हे मासे पाळलेत त्यांना ठाऊक आहे, ही खूण दिसल्यावर वेळ फार उरत नाही. त्यांना या पाण्यातून काढायला हवं होतं. पण ठेवायचं कशात? घरात क्लोरीन नसलेलं पाणी नव्हतं. होतं ते काकूंच्या ड्रममध्ये.

तेच दोनशे लिटर. संध्याकाळपर्यंत हे मासे ज्यात सुखाने पोहत होते तेच पाणी. नायट्रेटने भरलेलं, आपण ‘घाण’ म्हणून काढून टाकलेलं, आणि त्या घटकेला घरातलं एकमेव सुरक्षित पाणी. नातवाचा हवा भरायचा पाच फुटी टब हॉलमध्ये पसरला, ड्रम त्यात उपसला. चार बोटांच्या वर पाणी झालं, चकतीच्या माशाला ते पुरतं. जाळी वापरली नाही. शेपटीवरचा काटा करवतीसारखा असतो, जाळीत अडकला की मासाही फाटतो आणि माणसाचा हातही. रुंद घमेलं पाण्यात बुडवून मासा त्यावर सरकू दिला आणि पाण्यासकट उचलला. एकेकाला दोघांनी. दोन एअरस्टोन टाकले, वर चादर धरली, दिवे मालवले. तासाभराने कडा सपाट व्हायला लागल्या. काकू टबाशेजारी पाटावर बसून होत्या, रात्री उशिरापर्यंत तिथून उठल्या नाहीत.

रात्रीत दोन सिल्व्हर डॉलर गेले. बाकीचे तगले. स्टिंगरे सकाळी टँकमध्ये परत सोडले, कारण दोनशे लिटरमध्ये त्यांची स्वतःचीच घाण साठत होती.

इथे प्रकरण संपलं असं सगळ्यांना वाटलं. माझ्या मते खरा कठीण भाग इथून सुरू झाला.

क्लोरीन संपमध्ये शिरला होता, आणि संपच्या पहिल्याच कप्प्यात सगळा मिडीया, म्हणजे फिल्टरचे जिवाणू ज्यावर वाढतात ते साहित्य, होता. तीन मिलिग्रॅमचं पाणी टँकमध्ये मिसळून पातळ होण्याआधी त्यावरूनच वाहिलं. टीसीएल टाकी निर्जंतुक करायला टाकतात. तिने आमचा फिल्टरही निर्जंतुक करायला घेतला होता. माशांची घाण आधी अमोनिया होते, त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट हे जिवाणूच करतात. ते किती उरले हे डोळ्यांनी दिसत नाही, अमोनियाच्या आकड्यावरूनच समजतं. दुसऱ्या दिवशी आकडा ०.२५ होता, तिसऱ्या दिवशी ०.५, चौथ्या दिवशी १. खाणं पहिल्या रात्रीपासून पूर्ण बंद होतं, तरी. ऑस्करच्या जोडीतला नर याच दिवसांत गेला. कल्ल्यांची इजा अशी उशिरानेही मारते.

पाणी बदलणं भाग होतं. सोसायटीच्या टाकीवर भरवसा नव्हता, म्हणून काकांनी टँकर सांगायचं ठरवलं. टँकर आला असता बोअरच्या पाण्याचा. मी तो येऊ दिला नाही आणि त्यावरून आमचं थोडं वाजलंही. कारण सांगतो. अमोनियाचा आकडा एकच असला तरी त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. ३० अंशांना पीएच ७.४ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम २ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८.२ झाला की तोच भाग ११ टक्क्यांवर जातो. सोसायटीत आधी आलेल्या टँकरचं पाणी मी तपासलेलं होतं, पीएच ८.२ आणि जडपणा खडकवासल्याच्या, म्हणजे नळाच्या, पाण्याच्या कितीतरी वर. आकडा १ असताना आमचे मासे ०.०२ मिलिग्रॅम विषारी अमोनियात होते, अगदी उंबऱ्यावर. टँकरच्या पाण्याने पीएच ८ कडे ढकलला असता, तर अमोनिया पातळ करण्याच्या नादात आम्ही तो कित्येक पट जहाल केला असता. पातळ करायला आणलेलं पाणी स्वच्छ आहे की नाही, एवढंच बघून भागत नाही. ते टँकच्या पाण्याशी जुळतं का, हे आधी बघावं लागतं.

मग नळाचंच पाणी, पण साठवून. मागच्या डक्टमध्ये ५०० लिटरच्या दोन काळ्या टाक्या आणून बसवल्या. एक भरायची, हायपो टाकायचा, रात्रभर एअरपंप चालवायचा, सकाळी ओटीने तपासायचं आणि मगच त्यातलं २०० लिटर टँकमध्ये सोडायचं. तोवर दुसरी तयार होते. रोज दहा टक्के. एकदम ५० टक्के बदललं असतं तर आकडा झटकन निम्मा झाला असता, हे खरं. पण कल्ले भाजलेल्या माशाला पाण्यातला मोठा फरक सोसत नाही आणि मला त्यांना दुसरा धक्का द्यायचा नव्हता. याबद्दल माझ्याच धंद्यातल्या दोघांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, अमोनिया असताना हात आखडू नये. लहान टँकमध्ये मीही हात आखडत नाही.

एका हौशी मित्राने त्याच्या जुन्या टँकच्या संपमधला बॅगभर मिडीया दिला. पाण्यात बुडवलेला, झाकण उघडं ठेवून, रिक्षाने थेट आणला. जिवाणूला प्राणवायू लागतो, बंद पिशवीत तो गुदमरू देऊ नये. आकडा खाली यायला लागला तो त्यानंतर. मग ठरल्याप्रमाणे नायट्राइट चढलं. ते माशाच्या रक्तातला प्राणवायू वाहून नेणं बंद पाडतं, आणि पाण्यात क्लोराइड असेल तर कल्ल्यांतून आत शिरताना अडतं. म्हणून मीठ टाकतात. कुणीतरी काकांना पाच किलो टाकायला सांगितलं होतं. नायट्राइट अडवायला एवढं लागतच नाही आणि या नदीतल्या स्टिंगऱ्यांना खारं पाणी झेपत नाही. त्यांच्या समुद्रातल्या भाऊबंदांकडे असलेली युरिया साठवून खारटपणा पेलण्याची सोय त्यांच्या शरीरात उरलेली नाही. आम्ही दहा लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने सगळं मिळून २०० ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ टाकलं. पुरलं.

दोन्ही आकडे शून्यावर येईपर्यंत महिना उलटत आला. खाणं त्याआधीच, अमोनिया उतरल्यावर, चिमटीचिमटीने सुरू केलं होतं. अरवानाने पहिल्या दिवशी कोळंबी तोंडात घेऊन सोडून दिली, दुसऱ्या दिवशी गिळली.

त्यानंतर घरात जे बदललं त्यात यंत्रं फार कमी आहेत. काळ्या टाक्या कायमच्या राहिल्या आणि आता नळाचा पाइप टँकला लागतच नाही. आठवड्याचं पाणी आदल्या दिवशी टाक्यांत भरलेलं, तपासलेलं असतं. ते संपमध्ये नाही, वर टँकमध्ये सोडतात, म्हणजे काही उरलंसुरलं असलं तरी ते मिडीयावर जाण्याआधी दीड-दोन हजार लिटरमध्ये मिसळतं. पंप तेवढ्यापुरता बंद. काढलेलं पाणी बागेत सोडण्याआधी किमान २०० लिटर ड्रममध्ये ठेवायचं आणि नवं पाणी टँकमध्ये जाऊन रात्र उलटल्यावरच कुंड्यांना घालायचं. काकूंची जुनी सवय आता नियम झाली. हायपोचा डोस बदललेल्या पाण्याचा नाही, पूर्ण टँकचा मोजतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकी धुण्याची तारीख आधी टाकायची, एवढं सचिवांनी लगेच मान्य केलं. त्या इमारतीत आणखी दोन घरांत मासे आहेत, हे त्यानिमित्ताने कळलं.

विजेचा प्रश्न मात्र अर्धवट आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली तेव्हा काही भागांत ती यायला संध्याकाळ झाली, आणि मोठे टँक बाळगणाऱ्यांनी तो दिवस मगाने पाणी वर उचलून टाकत काढला. काकांचा इन्व्हर्टर मुख्य पंप दोन तास ओढतो, त्यापुढे नाही. तेव्हा पंप सोडून इन्व्हर्टरवर फक्त दोन एअरपंप ठेवायचे, त्यातला एक संपमधल्या मिडीयाखाली, असं ठरलंय. त्याची वायरिंग वेगळी ओढायची आहे. वायरमन येत्या रविवारी येतोय.